काचेवर धोंडाबाई

रविवार, ६ ऑगस्ट

आज सांगण्यासारखं आहे, म्हणून जाहिदाला हातातलं काम टाकून ओट्यावर बोलावलं. जानेवारीपासून आमचं असंच चाललंय. मी बोलते, ती लिहिते. जाहिदा घरमालकीण, उर्दू शाळेतली रिटायर मास्तरीण. मी तिच्या मागच्या खोलीतली भाडेकरू, अक्षरशत्रू. माझं बोलणं ती धुऊन, इस्त्री करून कागदावर ठेवते. मग वाचून दाखवते आणि मी म्हणते, "हे मी बोललेच न्हाई." ती म्हणते, "तू बोललीस त्याचंच शहाणं रूप हाय हे."

डायरी क्लासवाल्यांनी फुकट दिलेली. दर महिन्याच्या पहिल्या पानावर डॉक्टर होणाऱ्या एकेका पोराचा फोटो. ऑगस्टातला पोरगा असा बघतो, जणू त्याची परीक्षा मीच घेणार आहे.

तर सांगायचं ते हे. माझ्या नातीला, वर्षाराणीला, डॉक्टरकीची सीट लागली.

दोन वर्षांपूर्वी किल्लारीचं घर बंद करून तिच्यासंगं लातूरला आले, ती शिकेल आणि मी भाकरी थापेन म्हणून. या गल्लीत खोलीखोलीत एकेक म्हातारी आहे. कुणी जळकोटची, कुणी मुखेडची. सकाळी नऊला सगळे कुकर एकदम शिट्ट्या मारतात. लातुरातून एवढे डॉक्टर निघतात ते क्लासमुळं, असं फलकावर लिहिलेलं असतं म्हणे. म्हाताऱ्यांचा फोटो काही कुठं लागत नाही.

वर्षा फोन धरून दारात उभी होती. "आज्जे, लागलं," एवढंच म्हणाली. जाहिदानं साखर आणली. मी साखर तोंडात टाकायची सोडून पोरीच्या हाताकडं बघत बसले. काल याच हातानं दूध उतू घालवलं म्हणून मी बोलले होते. हाच हात आता माणसाच्या छातीवर ठेवून आतलं ऐकणार.

कॉलेज कोकणात आहे, समुद्राकाठी. जाहिदाचा भाचा शारिक म्हणाला, "मौसी, तिकडं दिवसातून दोनदा पाणी येतं आणि दोनदा जातं."

आमच्या नळाला आठ दिवसांनी येतं. मी म्हणाले, "मग जागा चांगली दिसती."

मंगळवार, ८ ऑगस्ट

शारिकचं गल्लीच्या तोंडाशी ऑनलाइन सेंटर आहे. चाळिशीचा बाप्या, पोट सुटलेलं, अर्ध्या लातुरातल्या पोरांचे अर्ज त्यानंच भरलेले. त्यानं आज सांगितलं, वसतिगृहाच्या हमीपत्रावर पालकाची सही लागते. पालक म्हणजे मी. वर्षा चार वर्षांची असताना तिचे आईबाप जीपच्या अपघातात गेले, तेव्हापासून मीच. बावीस तारखेच्या संध्याकाळी पाचच्या आत सही गेली नाही, तर सीट यादीतल्या पुढच्या पोराला.

मी म्हणाले, "आण कागद."

तो म्हणाला, "कागद न्हाई मौसी. काच."

पाटीएवढी काच पुढं ठेवली. मला सही येत नाही म्हटल्यावर त्यानं माझं नाव बटनांनी टाकलं आणि म्हणाला, आता बघा. काचेवर माझं नाव चार वेळा आलं, चार माणसांनी लिहिल्यासारखं. एक वाऱ्याला रेटून चालल्यागत तिरकं. एक जिलबीसारखं गोल. एक सुतासारखं बारीक. आणि एक असं घाईचं, जणू धोंडाबाईची एसटी सुटून राहिली होती.

जन्मात एक अक्षर काढलं नाही, आणि चार वळणं माझ्यापुढं मांडली, दुकानदार लुगडी मांडतो तशी. कुणाचा हात असेल तो? शारिक म्हणाला, कुणाचाच न्हाई. हात नसताना हाताचं लिहिणं! देवाला तरी येत असेल का, कोण जाणे.

मी गोल घेतलं.

जाहिदा म्हणाली, "तू कुठली एवढी गोल? तू तिरपी हाईस."

शुक्रवार, ११ ऑगस्ट

हमीपत्र परत आलं. मशीनची सही चालत नाही. पालकानं स्वतःच्या बोटानं काचेवर नाव काढायचं, तेही व्हिडिओवर, तिकडच्या मॅडमसमोर.

शारिक म्हणाला, आधी बोट तर चालवून बघा. चालवलं. काही नाही. दाबून चालवलं. काही नाही. जाहिदानं बोट लावलं तर रेघ. वर्षानं लावलं तर रेघ. एवढ्यात जाहिदाची मांजर टेबलावर चढली, तिनं काचेवर पाय ठेवला, तर तिची सुद्धा रेघ!

मी म्हणाले, "सीट मांजरीला द्या."

शारिकनं माझं बोट हातात घेऊन बघितलं. "मौसी, कातडी लई टणक झालीया. काचेला तुम्ही हाय का न्हाई तेच कळंना."

साठ वर्षं खुरपलेलं बोट. काचेला मी नाहीच, हे ऐकून जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वर्षानं फडकं ओलं केलं, बोट पुसलं आणि म्हणाली, "आता लाव."

लावलं, आणि बोटाखालून काळीभोर रेघ निघाली! शाई नाही, खडू नाही. बोट उलटून पाहिलं तर कोरं. मी ती रेघ काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. मागं वळून बघावं तर सगळी माझ्यामागं आलेली. सेंटरात दहा पोरं अर्ज भरायची थांबली होती.

शारिक म्हणाला, एवढा त्रास नको असेल तर दुसरी वाट आहे. कागदावर अंगठा, दोन साक्षीदार, वकिलाचा शिक्का. एका दिवसाचं काम.

मी म्हणाले, "अंगठा न्हाई."

शनिवार, १२ ऑगस्ट

जाहिदानं आज खोदून विचारलं, अंगठा का नाही? मी म्हणाले, झिजला. रेशनच्या मशीनवर तरी कुठं उमटतो?

"धोंडा, कागदावर कधी लावलास?"

मी सांगितलं. भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी, तंबूत. टेबलावर तलाठी होता, गेलेल्यांची यादी होती, शाईचा डबा होता. एक अंगठा ग्यानोबाचा, म्हणजे आमच्या मालकाचा. एक शेषेरावचा, तो सहा वर्षांचा. एक जगदेवीचा, ती अंगावर पीत होती. वैजनाथ तेवढा मामाकडं होता म्हणून राहिला. शाई पुसायला काही मिळालं नाही, म्हणून मातीला पुसली. माती लई होती.

मग वैजनाथ आणि सून जीपमध्ये गेले, तेव्हा दवाखान्यात दोन. दवाखान्यात मात्र पुसायला कापूस देतात, सोय चांगली.

"झाले पाच," मी म्हणाले. "घराचे कागद दिरानं केले. रेशनचं मशीन मी मोजत न्हाई, तिथं शाई नसती."

जाहिदा लिहायची थांबली. मी म्हणाले, "काय करून राहिलीस, पेन सरलं का?" म्हणाली, डोळ्यात काही गेलंय. या वयात डोळ्यांचं असंच. मी तिला गुलाबपाणी घालायला सांगितलं.

मंगळवार, १५ ऑगस्ट

आज चोरी पकडली गेली.

वर्षा झेंड्याला गेली होती. मी परातीत ज्वारीचं पीठ पसरलं आणि बोटानं माझं नाव काढत बसले. हो, येतं मला. कुणाला सांगितलं नव्हतं. जाहिदा रोज पानाच्या माथ्यावर लिहिते, 'धोंडाबाई सांगते.' जानेवारीत तिनं एकदा बोट ठेवून दाखवलं होतं, हे बघ, ही तू. तेव्हापासून ती खाली मान घालून लिहिते आणि मी तिच्यासमोर बसून त्या पहिल्या शब्दाकडं बघते. एवढे दिवस एकच माणूस रोज दिसलं तर तोंडओळख होतेच की. वाकळेची नक्षी तरी मी कुठं शिकायला गेले? दुसऱ्या बाईच्या वाकळेकडं बघून उचलली.

वर्षा आली. परातीत बघितलं आणि हसायला लागली. "आज्जे, हे काय काढलंय गं?"

"मी हाय ती," मी म्हणाले. "वळखंना?"

ती हसता हसता थांबली. मान वाकडी करून बघितलं. मग परात धरून अर्धी फिरवली आणि मटकन खाली बसली. "जाहिदानानी! लवकर या!"

जाहिदा कणकेच्या हातानं धावत आली. परातीत बघून मोठ्यानं वाचलं, "धोंडाबाई." माझ्याकडं बघितलं, परत वाचलं. कणीक भिंतीला लागली, तिचं भान नव्हतं.

मी काढलं होतं ते सगळं बरोबर होतं. काना, मात्रा, डोक्यावरचा ठिपका, सगळं. फक्त डोकं खाली आणि पाय वर. समोर बसून बघितलेलं, समोरच्यासारखंच शिकले.

जाहिदा म्हणाली, "पस्तीस वर्षं शिकवलं मी. हात धरून, छडी घेऊन, खाऊ देऊन. असं कुणी शिकलं न्हाई."

"तू शिकवत नव्हतीस म्हणून शिकले," मी म्हणाले. तरी दिवसभर मला माझ्याच बोटाकडं बघावंसं वाटत होतं.

मग दोघींनी मला सुलटं काढायला बसवलं. होईना. जातं आयुष्यभर एका हातानं फिरवलेल्या बाईला उलटं फिरवायला सांगावं, तसं झालं. चार दिवस सराव करायचं ठरलं.

शनिवार, १९ ऑगस्ट

चार दिवसांत सुलटं काही झालं नाही. शारिक म्हणाला, मग काचच फिरवू. काच उलटी धरली तर काचेतलं सगळं आपोआप वळून परत सुलटं झालं. दुसऱ्यांदा फिरवली, पुन्हा वळलं. मी हात जोडले. एवढी हट्टी वस्तू मी फक्त एक पाहिली आहे, ती आरशात.

शारिकनं आत कुठंतरी कुलूप घातलं, तेव्हा काच गुमान राहिली. मग मी बोट ओलं केलं आणि नाव काढलं. पहिल्या फटक्यात! माझ्या बाजूनं जसं मला येतं तसं, आणि शारिकनं काच उचलून दाखवली तर जगाच्या बाजूनं सुलटं. काळंभोर, तिरपं. जाहिदाचंच खरं निघालं, मी तिरपी आहे.

खाली दोन बटनं असतात. हिरवं म्हणजे पाठव, लाल म्हणजे पूस. सराव म्हणून बोट उचलून बाजूला घ्यायचं होतं, तर माझं बोट लालवर पडलं. नाव गेलं. दुसऱ्यांदा काढलं, आणखी बरं आलं. बोट लालवर. तिसऱ्यांदाही तेच. काच घसरते.

वर्षा बघत होती. घरी शेंगा निवडताना म्हणाली, "आज्जे, मी न्हाई गेले तर?"

"तर काय करशील इथं? माझ्यासंगं भांडशील?"

"हाव."

"ते तू तिकडनं फोनवर बी करशील. शेंगा निवड."

जाहिदानं हे सगळं लिहून घेतलं आणि मग विचारलं, "तिन्ही वेळा काच एकाच जागी घसरली का गं?"

मी म्हणाले, लिही, काच घसरते.

मंगळवार, २२ ऑगस्ट

चार वाजता सेंटरात गेलो. वर्षानं मला नवं लुगडं नेसवलं, व्हिडिओत दिसणार म्हणून. साडेचारला काचेत एक बाई आल्या. बसल्या कोकणात, दिसल्या लातुरात. केस विंचरलेले, मागं कपाट, कपाटावर फुलदाणी. उमादेवी नाव म्हणाल्या. एवढ्या लांबचं माणूस टेबलावर येऊन बोलतं, मी आधी नमस्कारच केला.

त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही उलट्या दिसताय."

शारिकनं कपाळावर हात मारला. काचेचं कुलूप लावून काच फिरवलेली होती, त्यामुळं तिकडं माझं डोकं खाली होतं आणि इकडं त्यांचं. काच सुलटी केली तर तोंड सुलटं, पण सही उलटी. उलटी धरली तर सही सुलटी आणि मी टांगलेली. जाहिदा म्हणाली, मी काचेसमोर बसते, धोंडा पलीकडून हात घालून लिहील. तसं केलं.

मॅडम म्हणाल्या, "या कोण? सही करणाऱ्या पालकाचा चेहरा दिसला पाहिजे."

"चेहरा माझा, हात तिचा," जाहिदा म्हणाली. शारिक म्हणाला, खाला, गप्प बसा.

घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती. वर्षा दाराला टेकून उभी होती.

मी परत उलट्या काचेसमोर बसले आणि मॅडमला खरं ते सांगितलं. म्हणाले, "बाई, मला शाळा न्हाई. ही मास्तरीण लिहायची, मी तिच्यासमोर बसायचे. समोरनं जेवढं दिसलं तेवढंच येतंया. एका शब्दापुरतं."

मला वाटलं, यंत्र बंद पडलं. मग म्हणाल्या, "समोरून बघून? कुणी न शिकवता?"

"हाव."

"थांबा जरा." आणि त्यांच्या मागचं कपाट, फुलदाणी, सगळं हललं आणि फिरलं. पायाकडचं वर गेलं. कोकणातल्या त्या सरकारी बाईनं, माझ्यापायी, आपला फोन उलटा धरला होता! आता त्यांना मी सुलटी दिसत होते आणि मला त्या. "दिसलात आजी," म्हणाल्या. "करा सही."

सरकार आपल्यासाठी मान वाकडी करतं, हे मी या डोळ्यांनी बघितलं. जाहिदा, हे नीट लिही.

बोट ओलं केलं. काढलं नाव. ठिपका दिला.

मॅडम म्हणाल्या, "विचारावं लागतं म्हणून विचारते. नात इतक्या लांब राहणार. तुमच्या राजीखुशीनं पाठवताय ना?"

बोट दोन बटनांच्या मध्ये होतं. मी म्हणाले, "खुशी हाय बाई. राजी व्हायला जरा येळ द्या."

"किती वेळ?"

मी दाराकडं बघितलं. वर्षा माझ्याकडं बघत नव्हती. तोंड फिरवून रस्त्याकडं बघत होती, मला हिरवं आणि लाल यांतलं काही दिसू नये तिच्या तोंडावर म्हणून. एवढी मोठी कधी झाली ही?

"झालं," मी म्हणाले, आणि हिरवं दाबलं.

काच घसरली नाही.

रविवार, २७ ऑगस्ट

वर्षा सकाळच्या बसनं गेली. दोन पिशव्या, एक पेटी, शेंगदाण्याची चटणी. खिडकीतून हात काढून माझं बोट धरलं आणि बस हलेपर्यंत सोडलं नाही. मी म्हणाले, "सोड, या बोटाला आता मान हाय."

घरी आल्यावर शारिकनं सही केलेलं हमीपत्र छापून आणून दिलं. तीन पानं. शेवटच्या पानावर मी, तिरपी.

मी जाहिदाला म्हणाले, "वाच, काय लिहिलंया."

ती म्हणाली, "आता विचारतेस? सही केल्यावर?"

आजवर एकही कागद मी वाचून घेतला नव्हता. त्या पाचांत काय लिहिलंय ते न वाचताच कळत होतं.

जाहिदानं चष्मा पुसला आणि वाचायला लागली. पोरीनं दिवा कधी बंद करावा, पाहुणे कधी यावेत, जेवण वाया घालवू नये. मी जांभया देत होते. मग तिनं वाचलं, "दिवाळी व उन्हाळ्याच्या सुटीत विद्यार्थिनीस, येथे सही केलेल्या पालकाची तशीच सही घेऊन, त्यांच्या ताब्यात परत देण्यात येईल."

मी म्हणाले, "थांब. कोण कुणाला देणार?"

"ते तुला."

"काय?"

"वर्षा. अजून काय?"

"परत?"

"परत. तू तिथं जाऊन सही करायची, ते पोरगी देणार."

मला खात्री करून घ्यायची होती. "जिती?" मी विचारलं.

जाहिदानं चष्मा काढला. मग पेनानंच माझ्या गुडघ्यावर फटका मारला. "हाव गं धोंडा! जिती! चालत येईल, बोलत येईल, भूक लागली म्हणत येईल!"

कागद असंही काही म्हणतो, हे मला माहीत नव्हतं. मी तीनदा वाचून घेतलं. चौथ्यांदा जाहिदा म्हणाली, घसा दुखला. म्हणून मी तिलाच विचारलं, ती ओळ कुठून सुरू होते आणि कुठं संपते. तिनं दाखवलं. तेव्हापासून मी तेवढ्या ओळीवर बोट ठेवून बसले आहे.